'द कंपनी' बघितला. बॅले कंपनीत खरंच असं असतं का?

निळी छत्री

'द कंपनी' (2003, दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन) नुकताच बघितला. त्यातली एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी कारण सांगते. माझी भाची सोळा वर्षांची आहे, मुंबईत बॅले शिकते. बारावी झाली की परदेशात शिकायला जायचं आणि पुढे एखाद्या कंपनीत शिरायचं, हे तिचं पक्कं ठरलंय. ताईला, म्हणजे तिच्या आईला, या जगातलं काही ठाऊक नाही. मला तर त्याहून कमी. ताई म्हणाली, तू एवढे सिनेमे बघतेस तर आधी तू बघ, आणि मग सांग आम्हाला पोरीला कुठे पाठवतोय ते.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिकागोची जॉफ्री बॅले ही खरीखुरी कंपनी, तिच्यातच हा सिनेमा घडतो. मोजके नट सोडले तर नाचणारे सगळे त्या कंपनीतलेच. नेव्ह कॅम्पबेल 'राय' नावाची नर्तिका झाली आहे. ती लहानपणी कॅनडाच्या नॅशनल बॅले स्कूलमध्ये शिकलेली, सिनेमाची कल्पनाही मुळात तिची, आणि पडद्यावर नाचते ती तीच. माल्कम मॅकडॉवेल हा कंपनीचा प्रमुख, सगळे त्याला 'मिस्टर ए' म्हणतात. गोष्ट म्हणाल तर फारशी नाही. क्लास, तालीम, प्रयोग, पुन्हा क्लास. राय रात्री बारमध्ये काम करते. पैसे पुरत नाहीत म्हणून एकेका घरात बरीच मुलंमुली जमिनीवर अंथरुणं टाकून झोपतात. एक प्रेमप्रकरण आहे, तेही जाता जाता.

मी अडकले ते एका प्रसंगाशी. तालमीत एका नर्तिकेच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटतो. लोक धावतात, तिला उचलून नेतात. आणि तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहते, तालीम चालू. शेवटी भर प्रयोगात राय पडते, हाताला दुखापत होते, तर तिच्याही जागी लगेच दुसरी. कोणी दोन अश्रू गाळत नाही. मला फार राग आला. मग रात्री विचार करत बसले की राग नेमका कोणाचा येतोय, सिनेमाचा की त्या कंपनीचा?

तिथे असंच असतं का? की ऑल्टमनने मुद्दाम असं दाखवलंय? आणि बॅले कंपनीतलं आयुष्य समजायला दुसरा कुठला सिनेमा बघावा?

वीकेंडवाला

मी हा अर्धा बघून सोडला होता. कोणाला काय हवंय हेच कळेना. मला 'ब्लॅक स्वान' (2010) खूप जास्त भिडला. नॅटली पोर्टमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. एका भूमिकेसाठी जीव टाकणं म्हणजे काय ते त्यात दिसतं. बघाच.

जुना प्रेक्षक

'ब्लॅक स्वान' मलाही आवडतो, पण निळी छत्री यांच्या ताईंना तो दाखवू नका. तो एका मुलीच्या मनात घडतो. कंपनी त्यात नावापुरती आहे, बाकीच्या मुली सावल्यांसारख्या येतात-जातात. आई घाबरेल आणि पोरीचा पासपोर्ट लपवून ठेवेल.

मी सुचवेन 'द रेड शूज' (1948), पॉवेल आणि प्रेसबर्गर यांचा. मी तो फार पूर्वी फिल्म सोसायटीच्या खेळाला बघितला, नंतर रंग दुरुस्त केलेल्या प्रतीवर पुन्हा. मोइरा शिअरर ही तेव्हा लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅलेत नाचत होती, तिलाच त्यांनी नायिका घेतलं. रॉबर्ट हेल्पमनने नृत्य बसवलं, नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक लिओनीद मासीन स्वतः त्यात चांभार झाला आहे. कंपनीचा मालक लेरमाँटोव्ह बघताना रशियन बॅले कंपनी चालवणारा खराखुरा दियागिलेव्ह आठवल्याशिवाय राहत नाही. मधला पंधरा-सतरा मिनिटांचा बॅले एवढ्यासाठीसुद्धा सिनेमा बघावा.

पण तुमच्या रागाशी त्याचा संबंध वेगळ्याच ठिकाणी आहे. शेवट सांगतो आहे, ज्यांना बघायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. नायिका व्हिकी मरते. लेरमाँटोव्ह पडद्यापुढे येऊन कसाबसा सांगतो की ती आज नाचणार नाही, या पुढे कधीच नाचणार नाही. तरी प्रयोग होतो, आणि तिच्या जागी कोणालाही उभं करत नाहीत. बाकीचे आपापल्या जागी नाचतात आणि ती जिथे असायला हवी तिथे फक्त प्रकाशझोत फिरत राहतो. 'द कंपनी'त जागा क्षणात भरली म्हणून तुम्हाला राग आला. इथे जागा रिकामी ठेवली आहे. एकाच धंद्याबद्दलचे दोन सिनेमे, आणि या एका बाबतीत अगदी उलटे. कोणता खरा, हे मात्र आतल्या माणसानेच सांगावं.

कपडेपट

मी इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहीत नाही. हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझे वडील व्यावसायिक नाटकांचा कपडेपट सांभाळायचे. लग्नाआधी मीही त्यांच्या हाताखाली होते, दौऱ्यांवर पेट्यांबरोबर बसमधून फिरले आहे. इथे अमेरिकेत आल्यावर मुलं शाळेत जायला लागली तशी एका छोट्या बॅले कंपनीच्या कपड्यांच्या खात्यात लागले, ती अजून तिथेच आहे. जॉफ्रीच्या तुलनेत आम्ही फारच लहान. पण दिवस तोच. सकाळी क्लास. आदल्या रात्री प्रयोग झालेला असो, नायिका असो की मागच्या रांगेतली नवी मुलगी असो, सगळ्यांनी भिंतीलगतच्या आडव्या दांडीला हात लावून गुडघे वाकवण्यापासून सुरुवात करायची. मग दिवसभर तालमी. पॉइंट शूजच्या, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायच्या शूजच्या, रिबिनी ज्याच्या त्याने शिवायच्या, त्यामुळे आमच्या जिन्यात कायम कोणीतरी सुई-दोरा घेऊन बसलेलं असतं. नवा शूज आधी जमिनीवर आपटून, वाकवून, तळ खरवडून नरम करतात, आणि एवढी मेहनत घेतलेला तो जोड एका मोठ्या प्रयोगात संपतो. ऑल्टमनने ही सगळी बारीकसारीक कामं पडद्यावर येऊ दिली. वीकेंडवाला, तुम्हाला ज्याचा कंटाळा आला तेच आमचं आयुष्य आहे, आणि ते इतक्या आदराने कोणी दाखवलेलं मी दुसरीकडे बघितलं नाही.

आता रागाचं. आमच्या टेबलावरून काय दिसतं ते सांगते.

टुटूची, म्हणजे बॅलेतल्या फुगीर झग्याची, चोळी पाठीवर हुकांनी बंद होते. हुकांची रांग एकच, पण समोरच्या बाजूला दोऱ्याची घरं असतात ती दोन-तीन रांगांत. एक रांग एकीच्या मापाची, दुसरी दुसरीच्या. आतल्या अस्तराला नावांच्या पट्ट्या शिवलेल्या असतात, एकीखाली एक. आमच्याकडे एक चोळी आहे, तिच्यातलं पहिलं नाव धुऊन धुऊन पुसट झालंय आणि ज्या बाईंचं ते नाव आहे त्या आता नातवंडांना घेऊन प्रयोगाला येतात. म्हणजे कापडाला कात्री लावण्याआधीच आम्ही धरून चाललेलो असतो की हा कपडा एकीचा नाही. वडिलांच्या वेळी नाटकात रिप्लेसमेंट आली की आम्ही रात्रभर उसवत बसायचो, कारण कपडा त्या एका नटाच्या अंगावरच बेतलेला असायचा. इथे बदली ही शिवणीतच घातलेली आहे.

एका डिसेंबरातली गोष्ट. 'नटक्रॅकर' चालू होता. इथल्या कंपन्यांचं वर्षाच्या कमाईचं मोठं गणित या एका बॅलेवर असतं, त्यामुळे प्रयोग रद्द होणं म्हणजे सगळ्यांच्याच पगाराला धोका. पहिल्या अंकाच्या शेवटी वरून कागदी बर्फ पडतो. दिसायला सुंदर, पायाखाली अतिशय निसरडा. आमच्या एका मुलीचा घोटा त्यावर मुरगळला. दुसऱ्या अंकात फुलांच्या वॉल्ट्झमध्ये ती पुढे होती. मध्यंतर तेवढं हातात. तिच्या मापाची तयार चोळी काढली, ती दुसऱ्या मुलीला चढवली, हुक अगदी आतल्या रांगेत घेतले तरी खांद्याची पट्टी सैल. सेफ्टीपिन आम्ही लावत नाही, नाचताना उघडली तर जोडीदाराच्या हातात घुसते. म्हणून मी तिच्या अंगावरच टाके घातले. आणि ती घोटा मुरगळलेली मुलगी? ती आमच्या पेटीवर पायाला बर्फाची पिशवी बांधून बसली होती. रडत होती, आणि रडता रडता दुसरीला मोजून देत होती. इथे आठला वळायचं, इथे डावीकडच्या मुलीसाठी थांबायचं, तिथे फरशीवर चिकटपट्टीची खूण आहे ती धरायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सिनेमात हे दिसत नाही, त्यामुळे तुमचा राग मी चुकीचा म्हणणार नाही. ऑल्टमनचा कॅमेरा कंपनी जिकडे जाते तिकडे जातो. ज्या मुलीला उचलून नेलं तिच्यामागे तो गाडीपर्यंतसुद्धा जात नाही. एक तरी क्षण तिच्याजवळ थांबायला हवं होतं असं मलाही वाटतं. पण जागा भरण्यात निर्दयपणा आहे, हे मला मान्य नाही. जागा भरली नाही तर बाकीच्या मुली उघड्या पडतात. रांग चुकते, पुढचा पाय मागच्याच्या वाटेत येतो, आणि आणखी कोणीतरी पडतं.

जुना प्रेक्षक, 'रेड शूज'चा तो रिकामा झोत बघून मी हुंदके देऊन रडले होते. पण तो एका प्रयोगाचा शोक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडदा उघडायचा असेल तर तिथे कोणाला तरी उभं राहावंच लागेल.

जॉफ्रीचा इतिहास माहीत असला तर हा सिनेमा आणखी उलगडतो. रॉबर्ट जॉफ्री आणि जेराल्ड आर्पिनो यांनी 1956 मध्ये ती कंपनी काढली तेव्हा सहा नर्तक होते आणि मागून मागून आणलेली एक स्टेशन वॅगन. आर्पिनो त्या सहांपैकीच एक, तो बाकीच्यांबरोबर गावोगाव नाचत फिरायचा आणि जॉफ्री न्यूयॉर्कमध्ये शिकवण्या घेऊन त्यांचे पगार काढायचा. आपल्याकडच्या दौऱ्यावरच्या नाटकवाल्यांना हे सांगायला नको. नंतर रिबेका हार्कनेस ही श्रीमंत आश्रयदाती मिळाली, कंपनी भारतातसुद्धा येऊन गेली. पण कंपनीला आपलं नाव हवं असा तिने हट्ट धरला, जॉफ्रीने ऐकलं नाही, आणि 1964 मध्ये नर्तकांचे करार, बसवलेले बॅले, नेपथ्य, कपडे, सगळं तिच्याकडे राहिलं. जॉफ्रीने पुन्हा शून्यातून उभं केलं. 1988 मध्ये तो गेल्यावर आर्पिनोने ती चालवली, 1995 मध्ये शिकागोला नेली. सिनेमातला मिस्टर ए हा त्या आर्पिनोवरूनच घेतलेला. ज्या माणसाची अख्खी कंपनी एकदा काढून घेतली गेली, तो एका दुखापतीपाशी तालीम थांबवणार नाही. त्याच्या डोक्यात पहिला विचार येणार तो उद्याच्या प्रयोगाचा.

आणि एक विनंती, भाचीबरोबर बघाल तेव्हा उघड्या मैदानातला तो पावसाचा प्रसंग पुन्हा बघा. राय आणि तिचा जोडीदार 'माय फनी व्हॅलेंटाइन'वर नाचताहेत, वारा सुटलाय, विजा, प्रेक्षक छत्र्या उघडताहेत, पण उठत नाहीत. ओल्या फरशीच्या धास्तीने माझा जीव वर-खाली होत होता आणि तरी डोळे हलेनात. लार लुबोविचची रचना आहे ती. त्या काही मिनिटांसाठी ही माणसं जमिनीवर झोपतात.

निळी छत्री

कपडेपट, काय लिहू. तुमचा प्रतिसाद मी ताईला फोनवर वाचून दाखवला. रडत रडत मोजून देणाऱ्या मुलीपाशी ती म्हणाली, पुन्हा वाच.

पोरीलाही सिनेमा दाखवला. तिला राग आला नाही. पावसाच्या प्रसंगाला श्वास रोखून बसली होती, आणि संपल्यावर तिने एकच विचारलं: मावशी, टाचेला लागलं त्या मुलीचं पुढे काय झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि एक. ताई विचारते आहे, पगाराचं, औषधपाण्याचं काय असतं?

जुना प्रेक्षक

कपडेपट यांच्या हुकांच्या रांगांवरून एक आठवलं. नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी 1952 मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप ही नृत्यमंडळी काढली. तेव्हा ते क्षयाने खंगलेले होते, पण त्याच स्थितीत त्यांनी 'रामायण' बसवलं. माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचतात, चेहऱ्यावर मुखवटे, हालचाली काटकोनी. 1954 मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी मंडळी सांभाळली, पुढे ती ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेली, आणि तेच 'रामायण' नवे नवे नर्तक घेऊन कित्येक दशकं चालू राहिलं. मुखवट्यामागचा माणूस बदलला, राम तोच राहिला. रिकाम्या झोतावर माझं अजूनही प्रेम आहे, पण बर्धन यांचं काम आपल्यापर्यंत पोचलं ते कोणीतरी त्या जागी उभं राहिलं म्हणून, हे खरं आहे.

भाचीसाठी 'ये बॅले' (2020) सुद्धा बघा, सूनी तारापोरवाला यांचा. मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह या मुंबईच्या दोन मुलांवर आधारलेला आहे. यहुदा माओर या शिक्षकाने त्यांना घडवलं. मनीष टॅक्सी चालवणाऱ्याचा मुलगा, सिनेमात तो स्वतःच नाचतो. पण तो सिनेमा दारापर्यंत नेऊन सोडतो. दाराच्या आत काय आहे ते 'द कंपनी'त.

कपडेपट

ताईंसाठी आधी पैशांचं. कंपनी म्हटली की सगळ्यांना सारखा पगार नसतो. सुरुवातीला शिकाऊ म्हणून घेतात, कुठे तुटपुंजं मानधन, कुठे तेही नाही. मग समूहातली जागा, मग पुढच्या भूमिका. करार बहुतेक ठिकाणी वर्षभराचा नसतो, हंगाम संपला की पगार थांबतो. मधल्या आठवड्यांत मुलं शिकवण्या घेतात, कॉफीच्या दुकानात उभी राहतात. सिनेमातलं रायचं बारमधलं काम म्हणूनच मला खोटं वाटलं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांतल्या नर्तकांची युनियन आहे, विश्रांतीची वेळ, तालमीचे तास यावर तिचं लक्ष असतं. कामावर दुखापत झाली तर पगारी नर्तकाला विम्याचं संरक्षण असतं. शाळेतल्या मुलीला ते नसतं, तिचा विमा तिने स्वतः काढावा लागतो. म्हणून शाळा निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या बघू नका. फिजिओथेरपिस्ट रोज असतो का, दुखापत झालेल्या मुलीला क्लासमध्ये बसून बघायची मुभा आहे का, परत आल्यावर तिची जागा किती दिवस राखतात, हे लेखी विचारा. नीट उत्तर देत नसतील तर ती शाळा सोडून द्या, कितीही मोठं नाव असलं तरी. आणि शिकायच्या व्हिसावर बाहेर काम करता येतं का, किती तास, तेही आधी नीट विचारून घ्या.

आता पोरीचा प्रश्न. तो तिला पडला याचंच मला जास्त बरं वाटलं. टाचेमागचा स्नायुबंध पूर्ण तुटला तर बहुतेक नर्तकांना शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पुन्हा उडी मारायला बरेच महिने जातात, कधी वर्षही. काही जणी परत येतात. काहींची उडी पहिल्यासारखी होत नाही, मग त्या भूमिका बदलतात. काही थांबतात. आमच्याकडे ज्या बाई तालमी घेतात त्यांचा अशाच दुखापतीने रंगमंच सुटला. फक्त स्वतःचीच नव्हे, सगळ्या बॅलेंची सगळ्यांची पावलं त्यांना पाठ आहेत. कोणाला अचानक उभं करायची वेळ आली की सगळे त्यांच्याकडे धावतात. त्या वॉल्ट्झच्या रात्रीही विंगेत त्याच उभ्या होत्या, आणि ती नवी मुलगी चुकली तिथे त्यांनी हाताने दाखवलं.

तिला हे सांगा. आणि तिच्या शूजचं काही अडलं तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. नेटवर माप बघून पॉइंट शूज मागवू नका. पाय बसवून बघितल्याशिवाय ते घ्यायचे नसतात.